एकाच बाजेवर दोन देश

परदेशी पाहुण्यांना कपाशीचा मुलूख दाखवायला नागपूरहून बस निघाली तेव्हा मला सविता राठोडच्या मागची सीट मिळाली, आणि तेवढ्यानेही माझं डोकं फिरलं. कापसावरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेतल्या आपल्या शिष्टमंडळात ती सगळ्यांत नवी, मी सगळ्यांत जुना. समारोपाला प्रमुख मॅडमच्या शेजारी पुढच्या खुर्चीत कोण बसणार, ते आज ठरायचं होतं. ती खुर्ची मला हवी होती.

परिषदेतलं आमचं काम तसं रटाळ. सकाळी मसुद्यावर बैठक, दुपारी चहाच्या टेबलाशी मनधरणी, संध्याकाळी दिल्लीला अहवाल. मसुद्यातलं एक वाक्य मात्र हलत नव्हतं. एका देशाचे उंच गृहस्थ म्हणत, अनुदान ‘बंद करावे’. दुसऱ्या देशाचे चष्मेवाले ऐकत नव्हते. मी दोघांना कायम दूर बसवायचो.

यवतमाळ मागे पडलं, लोहाऱ्याचे कारखानेही गेले. दुतर्फा पऱ्हाटी (कपाशी) फुटलेली. सविता खिडकीतून काहीबाही दाखवत होती आणि पाहुणे हसत होते. मी छापून आणलेली माहिती कुणी उघडलीही नव्हती. माझ्या पोटात दुखायला लागलं.

बोरी अरबच्या पुढे सविताचा तांडा (बंजारा वस्ती). अंगणात मी देशांच्या पाट्या लावून खुर्च्या मांडल्या. तेवढ्यात तिची याडी (आई) बाहेर आली.

“साहेब, त्या दोघायले इतकं दूर काहून बसवून राह्यले? भांडण हाय का?”

“आहे ना,” सविता हसली.

“मंग एकाच बाजेवर बसवा. तांड्यातलं भांडण मिटवाले आमचे नायक तसंच करते.”

बाज (खाट) अशी झोळली की दोघे घसरत मधोमध आले, खांद्याला खांदा. हातात बाटी (भाकरी) आणि ठेचा. चष्मेवाल्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तसा उंच गृहस्थांनी आपला पाण्याचा पेला पुढे केला. सविता समोर उकिडवी बसून म्हणाली, “‘टप्प्याटप्प्याने कमी करावे’ चालेल?”

चाललं! हेच शब्द मी पहिल्याच बैठकीत सुचवले होते.

मॅडम माझ्या कानाशी म्हणाल्या, “पुढे सविताच बसेल.” मी “छान” म्हणालो. छान कसलं, जळून गेलो.

निघताना याडीने माझ्या हातात बाट्यांचं गाठोडं ठेवलं. “पोरगी म्हणते, सारं साहेबच शिकवते मले. तिले कधी भेटन जी पुढची खुर्ची?”

“उद्या,” मी म्हणालो. तिने तोंडाला पदर लावला.

परतीलाही मी सविताच्याच मागे. ती वळून म्हणाली, “सर, याडीनं काय बांधून दिलं?”

“काही नाही,” मी म्हणालो आणि गाठोडं सीटखाली सरकवलं. एवढं तरी माझं एकट्याचं असू दे.