पांढऱ्याखालचा लाल

वारंगा फाट्यावर टायरच्या दुकानाला लागून दिपा राठोडचं पत्र्याचं शेड आहे. ट्रकचे फाळके, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, रसवंतीचे गाडे, जे चाकावर येईल ते ती रंगवते. वय चोवीस. आयटीआयला पेंटरच्या ट्रेडमध्ये ती एकटीच मुलगी होती. पण ब्रश धरायला तिला तिच्या बापानं शिकवलं, आणि त्या बापाचं नाव आज जिल्ह्यातल्या एकाही पाटीवर उरलेलं नाही.

वसराम राठोडांनी तीस वर्षं पाट्या लिहिल्या. पाटी पूर्ण झाली की उजव्या कोपऱ्यात बोटभर अक्षरांत लिहायचं, ‘पेंटर वसराम, वारंगा फाटा’. याला ते सही म्हणत नसत, पत्ता म्हणत. पाटी आवडलेला माणूस कोपऱ्यात वाकून बघतो आणि तांड्यापर्यंत येतो. पुढचं काम असंच मिळतं.

चौदा वर्षांपूर्वी वसमतच्या मोंढ्यात किसनरावांच्या हळदीच्या अडतीची पाटी त्यांनी लिहिली. पूजेच्या दिवशी किसनराव कोपऱ्याजवळ वाकले.

“हे कोणाचं नाव?”

“माझं जी. पत्ता टाकलाय.”

“माझ्या पाटीवर तुझं नाव? पेंटर म्हणे! चुना मारणारा मजूर तू.”

वसराम रॉकेलचा बोळा आणायला वळले. किसनरावांनी थांबवलं. नुकत्याच फोडलेल्या नारळाची करवंटी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, “याच्यानं खरवड. सगळ्यांसमोर.” मोंढ्यातले हमाल, व्यापारी, पूजेला आलेल्या बाया बघत होत्या. काही हसले. वसरामांनी स्वतःचं नाव करवंटीनं खरवडून काढलं. त्यानंतर कुठल्याच पाटीवर त्यांनी पत्ता टाकला नाही. कामं कमी होत गेली. आता तर दोन्ही डोळ्यांत फूल पडलंय.

दिपाला हे आईनं, नानीबाईनं सांगितलं. बापानं कधीच नाही. आयटीआयच्या पहिल्या वर्षी तिनं विचारलं होतं, “बाच्या पाट्यांवर नाव काहून न्हाई?” नानीबाई भाकरी थापता थापता सगळं बोलून गेली आणि शेवटी म्हणाली, “तुझ्या बाला विचारू नको.” दिपानं विचारलं नाही. पण किसनराव हे नाव तिनं नीट लक्षात ठेवलं.

गेल्या फेब्रुवारीत शेडसमोर एक कॅराव्हॅन येऊन थांबली. मिनीबसवर बांधलेलं घर, आत दोन पलंग, ओटा, संडास. कधीकाळी आकाशी असलेला रंग उन्हानं पार उडाला होता. दिपानं पत्र्यावर हात फिरवला तर पंजाभर भुकटी निघाली. गाडी आणणारा बालाजी म्हणाला, “पुण्याहून घेतली. नरसीच्या रोडला आमचं शेत आहे. पाहुण्यांना राहायला तिथं लावायची.”

मागच्या जीपमधून त्याचे वडील उतरले. पांढरे कपडे, कपाळाला गंध. बालाजीनं ओळख करून दिली, “हे आमचे दादा, किसनराव. वसमतला अडत आहे.”

दिपानं हातातला पॉलिश पेपर खाली ठेवला.

“पेंटर कुठंय?” किसनरावांनी विचारलं.

“मीच.”

“घरात कोणी गडीमाणूस न्हाई काय?”

“हाय. पण ब्रश मी धरते.”

ते हसले. गाडीला एक चक्कर मारून म्हणाले, “दुधासारखी पांढरी पाहिजे. फुलं न्हाई, पट्टे न्हाई. आन एक ध्यानात ठेव पोरी, तुझं नावबिव टाकायचं न्हाई कुठं. आपल्याला ते चालत न्हाई.”

“न्हाई टाकत जी,” दिपा म्हणाली. “माझं नाव न्हाई टाकत.”

त्या दिवशी घरी तिनं गाडीचं सांगितलं, मालकाचं सांगितलं नाही. नानीबाई पदर तोंडाला लावून हसली. “आपले आजे-पणजे बैलं लादून फिरायचे तेव्हा गाववाले उतरू देत न्हवते. आता हे लोक हौसेनं चाकावर राहायला चालले व्हय?”

काम दिपानं जीव लावून केलं. जुना रंग घासून काढला, पोचे भरले, राखाडी प्रायमर मारला. मग दुपारी फाटा सुस्तावल्यावर तिनं स्वस्तातल्या लाल रंगाचा डबा उघडला.

हा लाल सगळ्या पेंटरांना माहीत असतो. त्याच्यावर पांढरा मारला की पांढऱ्यातलं थिनर खालचा लाल विरघळवतं आणि तो हळूहळू वर चढतो. आधी गुलाबी, मग लाल. पांढऱ्याचे आणखी दोन हात मारले तर त्यातूनही चढतो. “लाल खाली ठेवून पांढरा मारू नको,” ही बापाची पहिली शिकवण होती. दिपानं ती बरोबर उलटी केली. दोन्ही बाजूंना हातभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं, ‘पेंटर वसराम, वारंगा फाटा’. दोन दिवस पूर्ण वाळू दिलं. मग पांढऱ्याचा पहिला हात स्प्रेनं लांबून, कोरडा कोरडा मारला, म्हणजे लाल लगेच जागा होऊ नये. वर दोन भरगच्च हात.

गाडी न्यायला आलेले किसनराव खूश झाले. “पोरीच्या हाताला सफाई हाय,” असं ते बालाजीला म्हणाले. दिपाला काही म्हणाले नाहीत.

मार्च तापला. नरसीच्या रोडला पत्रा दिवसभर भाजून निघू लागला. पांढऱ्यावर गुलाबीसर डाग उठले. बालाजीला आधी वाटलं धूळ असेल, त्यानं गाडी धुतली. मग वाटलं कुंकवाचा हात कोणी लावला. तिसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर बोलणं सुरू झालं, “किसनरावाच्या गाडीला गोवर निघाला म्हणे!” आठवड्यानं गोवराची अक्षरं झाली. मुक्कामाला आलेल्या पहिल्याच कुटुंबानं विचारलं, “हे वसराम म्हणजे मालक का?”

किसनरावांनी वसमतचा पेंटर बोलावून वरून पांढरा मारून घेतला. दहा दिवसांत नाव पुन्हा वर आलं. शेतावर हळद उचलायला आलेले मोंढ्यातले जुने हमाल ते वाचून एकमेकांकडे बघू लागले. एक जण तोंडावर म्हणालाच, “मालक, करवंटी आणू काय?”

तेव्हा किसनरावांना सगळं आठवलं. ते बालाजीला घेऊन त्याच गाडीतून थेट फाट्यावर आले.

“वसरामची कोण तू?”

“पोरगी.”

“केस करीन तुझ्यावर!”

“करा जी. पांढरी सांगितली, पांढरी दिली. माझं नाव कुठं दिसलं तर सांगा.”

“काढून दे ते. आत्ताच्या आत्ता.”

“माझ्यानं न्हाई निघत. ज्याचं नाव हाय त्याला विचारा. तांडा इथून दोन किलोमीटर हाय.”

किसनरावांनी तळव्यानं नाव घासून पाहिलं. हिंगोलीकडे जाणाऱ्या एका ट्रकच्या क्लीनरनं मान बाहेर काढून नाव मोठ्यानं वाचलं आणि शिट्टी मारली. किसनराव गाडीत बसले.

दिपा मोपेडवरून पुढं गेली. गाडी तांड्यात शिरली तेव्हा वसराम दारातल्या खाटेवर बसले होते. मागोमाग बाया-पोरं जमली.

“वसराम,” किसनराव म्हणाले, “हे काय लावलंय तुमी?”

“कोण?”

“मी किसनराव. वसमतचा.”

दिपानं बापाच्या कानाशी आपल्या बोलीत चार वाक्यांत सगळं सांगितलं. म्हातारा किसनरावांच्या आवाजाकडे तोंड करून म्हणाला, “मला दिसत न्हाई साहेब. गाडीवर काय लिहिलंय?”

“तुझं नाव.”

“वाचा की.”

“वसराम.”

“नुसतं वसराम? म्हागं-पुढं काय न्हाई?”

किसनरावांनी इकडंतिकडं पाहिलं. बालाजी खाली बघत होता. “पेंटर वसराम,” ते म्हणाले. “वारंगा फाटा.”

“जरा मोठ्यानं. बायामाणसं ऐकून राहिली.”

“पेंटर वसराम, वारंगा फाटा!”

मागं कोणीतरी खुदकन हसलं. नानीबाई हसली नाही. ती दाराची चौकट धरून किसनरावांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

“झालं समाधान?” किसनरावांचा आवाज फाटला. “आता हे कसं काढायचं ते सांग. मी म्हणलेलं मागं घेतो, बस?”

वसराम उठले. दिपाच्या खांद्यावर हात ठेवून गाडीपाशी आले. तळवा पत्र्यावर टेकवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. बोटांनी जाडी बघितली, नखानं एके ठिकाणी टोकरलं, वास घेतला. आपल्या बापानं रंगाच्या बाबतीत गिऱ्हाइकाला कधी खोटं सांगितलेलं दिपाला माहीत नव्हतं.

“याला इलाज न्हाई,” वसराम म्हणाले.

“न्हाई म्हणजे?”

“पत्रा हाय तवर नाव हाय. कितीबी हात मारा.”

किसनरावांनी दिपाकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत राहिली. ते आणखी काही विचारणार होते, पण बालाजीनं त्यांचा दंड धरला. “चला दादा. लोक व्हिडिओ काढून राहिले.” गाडी तांड्याच्या अरुंद वाटेत मागं-पुढं करत वळली. त्यामुळे दोन्ही बाजूंचं नाव सगळ्यांना दोनदा वाचायला मिळालं.

धूळ बसल्यावर दिपा म्हणाली, “बा, मधी ॲल्युमिनियम पेंटचा एक हात मारला तर लाल दबते ना?”

“दबते की.”

“मग?”

“तुला ठाऊक व्हतं. तू काहून न्हाई सांगितलं?”

दिपा हसायला लागली. वसराम खाटेवर टेकले, धोतराला बोटं पुसली.

“अक्षर कसं आलंय?”

“कडा पसरल्यात थोड्या. ‘म’चं पोट भरून आलं.”

“पातळ केला असशील,” म्हातारा नाराज होऊन म्हणाला. “पुढच्या टायमाला लाल घट्ट घे.”