मांडीवरचा हात

टायपिंग करताना माझा डावा हात मांडीवर पडून असतो, हे मला चाळिशी ओलांडल्यावर एका परक्या बाईनं सांगितलं. मी खाली पाहिलं. खरंच होता. पदराखाली पालथा पडलेला, कामाशी आपला काही संबंध नसल्यासारखा. इतकी वर्षं तो तिथंच होता आणि मला पत्ता नाही! मी इतकी दचकले की त्या हाताचं आता काय करायचं हेच सुचेना.

भालकीत मी एका वकिलांकडं कामाला होते. दावे, अर्ज, करारपत्रं कानडीत आणि इंग्रजीत संगणकावर उतरवायची. उजव्या हाताच्या एका बोटानं मी कळ शोधायचे, फारच घाई असली तर शेजारचं बोट मदतीला यायचं. शिफ्ट दाबून धरायची वेळ आली की त्याच हाताचा अंगठा ताणून कसरत. पक्षकार बाकावर ताटकळत माझ्या त्या बोटाकडं बघत राहायचे. शेवटी एक दिवस वकीलसाहेबांचाही धीर संपला.

"बाई, तुमच्या कामात खोट न्हाई," ते म्हणाले, "पण कोर्टात माझं नाव पुकारून झाल्यावर तुमचा कागद हातात यायलाय. दिवाळीची सुट्टी संपस्तवर वेग वाढवा, न्हाईतर मला दुसरं माणूस बघावं लागंल."

घर सासरचं, माहेर भावाचं. लग्न होऊन हुलसूरहून भालकीला आल्यापासून ती कचेरीतली खुर्ची तेवढी माझी होती. ती गेली तर मी बसणार कुठं?

म्हणून मी बाजारातल्या गल्लीतल्या टायपिंगच्या क्लासात नाव घातलं. क्लास चालवणारी अक्का लिंगायत घरातली. कपाळाला विभूती, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची पेटी आणि शिकवताना दयामाया म्हणून नाही. वयानं माझ्याहून थोडीच मोठी, पण येईल त्या बाईला 'तंगी' म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण. माझ्या मांडीवरचा हात तिलाच दिसला.

"तंगी, त्या हाताला काय झालंय? दुखायलाय का?"

"न्हाई की."

"मग कामून बसवून ठेवलंस त्याला?"

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि जे बाहेर आलं ते ऐकून मीच हबकले. "डावा हात कसा लावायचा अक्का? दसऱ्याला पूजा करतोय की आमी ह्या संगणकाची."

हे मी कधी ठरवलं होतं? खंडेनवमीला कचेरीतल्या संगणकाला हळदकुंकू लागतं, झेंडूचा हार पडतो, ते सगळं मीच करते, हे खरं. पण मी पदवी घेतलेली बाई. दुसऱ्यांच्या अडाणीपणाला नाक मुरडणारी. आणि डावा हात विटाळाचा म्हणून स्वतःची नोकरी घालवायला निघाले होते! लाजेपेक्षा मला धक्काच जास्त बसला. आपल्या डोक्यात कोण बसून कारभार करतंय, तेच आपल्याला ठाऊक नसावं?

अक्का हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. आपला डावा तळहात तिनं माझ्यासमोर उघडला.

"आमचा देव रोज सकाळी ह्याच हातावर बसतोय बघ. आनि तुला कळेला शिवायला भ्या वाटायलंय व्हय?"

लिंगायत शेजारणींना पूजेला बसलेलं मी लहानपणापासून पाहत आलेय. तळहातावर लिंग आणि नजर त्याच्यावर. पण तो तळहात डावा असतो, हे माझ्या एकदाही ध्यानात आलं नव्हतं.

मी दोन्ही हात कळांवर ठेवले. अक्कानं वरून टॉवेल टाकला. "खाली बघायचं न्हाई."

सुरुवातीला नुसता गोंधळ झाला. नंतर मात्र भलतंच घडायला लागलं. इतकी वर्षं राबलेला उजवा हात अडखळायचा आणि बिनकामाचा डावा न सांगता पुढं पळायचा. टॉवेलखाली काय चाललंय ते मला कळेना. अक्का मात्र बारीक नजरेनं बघत होती. तिच्या हातातला पेन खाली पडला, तो मी वाकून उचलला.

"तंगी, तू डावरी हायस."

"मी? काहीतरीच! जेवते उजव्यानं, लिहिते उजव्यानं."

"आन् आत्ता खाली पडलेला पेन कुठल्या हातानं उचललास?"

पेन माझ्या डाव्या हातात होता.

सुट्टी संपून कोर्ट उघडलं. वकीलसाहेब सांगत गेले, मी उतरवत गेले, आणि त्यांचं बोलून होताच कागद त्यांच्या पुढ्यात गेला. त्यांनी चष्मा काढून आधी कागदाकडं, मग माझ्याकडं पाहिलं. "आता उठू नका त्या खुर्चीवरनं," एवढंच म्हणाले. मला रडू आवरेना.

त्या रविवारी पेढे घेऊन मी आईकडं हुलसूरला गेले. खुर्ची राहिली म्हणत पेढा पुढं केला. आईचा हात अर्ध्यावरच थांबला. ती माझ्या हाताकडं बघत होती. पेढा मी डाव्या हातानं दिला होता.

"सुटला का गं शेवटी?" ती म्हणाली.

"काय सुटला?"

"त्यो हात. जुन्या लुगड्याच्या चिंधीनं पाठीमागं बांधून ठेवायचो तुझा. जेवताना, पाटी घेऊन बसलीस की. डावरी पोरगी म्हणून लोक नावं ठेवतील म्हणायचे सगळे."

माझ्या अंगाची गोष्ट, आणि मला कुणी सांगितलीसुद्धा नव्हती! "मला कसं काही आठवत न्हाई?" मी जवळजवळ ओरडलेच. "माय, मी रडायचे का न्हाई?"

आईनं माझं डावं मनगट हातात घेतलं आणि त्यावरून अंगठा फिरवत राहिली.

"पयल्यांदा रडलीस. मग न्हाई. ताट वाढलं की तूच हात मागं करून माझ्याकडं पाठ फिरवून हुबी राहायचीस. बांध म्हणायचीस."