मामांचा बसायचा हॉल

माझ्या बायकोच्या मामांइतका चौकस माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात झाला नाही, आणि पुढे होईल अशी भीतीही नाही. दाढ काढायला गेले तेव्हा तोंडात चिमटा असतानाही त्यांनी घशातल्या घशात प्रश्न विचारला, आणि उत्तर देण्याच्या नादात डॉक्टर शेजारच्या दाढेला भिडले. राजूरच्या गणपतीला गेले, की रांगेतल्या पुढच्या-मागच्याला विचारत, "तुम्ही काय मागून राह्यले?" लोकही सांगत. कुणाला नातू हवा असे, कुणाला बोअरला पाणी. मामा गाभाऱ्यात पोचले की सगळ्यांचं मागणं देवाच्या कानावर घालत आणि स्वतःचं विसरून बाहेर येत.

बियाण्यांचं दुकान सांभाळून मामा जालन्यातल्या एका सेवाभावी क्लबात जात. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस क्लबाने हसनाबादला काहीतरी बांधून द्यायचं ठरवलं. कुणी व्यायामशाळा म्हणालं, कुणी बॅडमिंटनचा हॉल. मामा म्हणाले, "पन गावाला इचारलं का?" कुणीच विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा एसटीत. गावातल्या पुरुषांना रंगीत टीव्ही हवा होता, पोरांना क्रिकेटचं सामान. मग मामा ओसरीत शेंगा फोडणाऱ्या एका म्हातारीसमोर उकिडवे बसले. ती म्हणाली, "आम्हा बायांला बसाया जागा पायजे. जरा टेकलं की जो तो इचारतो, काहून बसली, काम न्हाई का?"

मामांनी बैठकीत हेच मांडलं तेव्हा क्लब पोट धरून हसला. बसायला कुणी इमारत बांधतं का! पुढच्या वर्षीचं अध्यक्षपद मामांकडे येणार होतं. त्यासाठी त्यांनी कोटसुद्धा शिवून ठेवला होता. ते उठून म्हणाले, "माझी खुर्ची दुसऱ्या कोन्हाला द्या. बायांना हॉल द्या." खुर्चीवर डोळा असलेले बरेच होते. ठराव जल्दी मंजूर झाला.

हॉल उभा राहिला: चार भिंती, खिडक्या, सतरंज्या, आतून कडी. कित्येक दिवस तिकडे कुणी फिरकलं नाही. "तुमचा हॉल बसला हो!" म्हणून क्लबातले चिडवत आणि मामांचं जेवण कमी होई. मग एका दुपारी तीच म्हातारी शेंगांनी भरलेलं सूप घेऊन आत जाऊन बसली. तिच्यामागून सुना आल्या, शेजारणी आल्या, एरवी एकमेकींच्या ओट्यावर न टेकणाऱ्याही आल्या. आता मामांची खरी पंचाईत झाली. आत चालतं काय? बल्ब बघायच्या निमित्ताने ते डोकावले, तर सगळं चिडीचूप. म्हातारी दारात आली. "बल्ब बराबर हाय, मालक," म्हणाली आणि तिने दार लोटून घेतलं. मामा समोरच्या कडुलिंबाखाली जाऊन बसले. आतून हसण्याचा असा गडगडाट झाला की झाडावरचे कावळे उडाले. कशावर हसल्या ते त्यांना अखेरपर्यंत कळलं नाही, पण त्या दिवशी घरी येऊन ते पोटभर जेवले.

पुढे ते अधूनमधून त्या लिंबाखाली चहा घेत बसत. कान मंद झाल्यावर मला सोबत नेऊ लागले. "जावईबापू, हसून राह्यल्या का?" असं विचारत, मी हो म्हणे. एकदा मात्र आतून रडणं ऐकू आलं. एकटीचंच, बाकीच्या गप्प होत्या. मी तसं सांगितलं. मला वाटलं, आता मामा उठणार. कोण, काहून, कशानं, सारं विचारून येणार. ते कप हातात धरून तसेच बसून राहिले.

"रडू द्या तिला," ते म्हणाले. "घरी कुठं रडाया भेटतं."