येता का मी येऊ?

माझी मावशी निलंग्याची. लग्न होऊन नांदेडला आली, उभं आयुष्य तिथं काढलं, पण बोली माहेरचीच ठेवली. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, शाळेत मराठी शिकवायचे. ती ‘न्हाई’ म्हणाली की ते ‘नाही’ म्हणायचे आणि ती परत ‘न्हाई’च म्हणायची.

निवृत्तीनंतर काका संध्याकाळी अपार्टमेंटच्या गेटजवळ गप्पा मारत उभे राहायचे. मावशी गॅलरीतून हाक मारायची. एकदा पुण्याहून आलेल्या तिच्या लेकीनं ती हाक मोबाईलवर टिपली आणि गंमत म्हणून इन्स्टावर टाकली.

“काय करून राहिलात तिथं? भाकर निवून चालली. येता का मी येऊ?”

एवढंच. पण लोकांनी ते उचललं. कॉलेजची पोरं गाडीला टेकून त्यावर ओठ हलवायला लागली, नवऱ्या मुली मांडवात उभ्या राहून तेच करायला लागल्या. लातूरला आमच्या चौकातल्या चहावाल्यानं शेवटचं वाक्य पाटीवर लिहून घेतलं. हे कुणाचं वाक्य, हे त्याला ठाऊक नव्हतं. मावशीला दाखवलं तर ती म्हणाली, “ह्यात हसण्यासारखं काय हाय?” आणि परत लावायला सांगितलं.

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. दुपारी आडवी झाली ती उठलीच नाही.

दिवसकार्य झाल्यावर काही दिवसांनी मी बसनं काकांकडे निघाले होते. अहमदपूर सुटलं आणि मागच्या सीटवरून मावशीचा आवाज आला. कुणीतरी रील बघत होतं. आसपासची माणसं हसली. मी खिडकीचा गज धरून बसले. जिवंतपणी जे वाक्य नुसता दम होतं, ते आता ऐकवेना.

संध्याकाळी काका पेपर वाचत होते, मी भाजी निवडत होते. वरच्या मजल्यावरच्या मुलीनं रील लावलं आणि उघड्या खिडकीतून मावशी बोलली. काकांनी पेपरची घडी घातली, चष्मा काढला.

“हाव, आलो,” म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले.

तिथं ते ओट्याजवळ जरा वेळ उभे राहिले. मग परत येऊन बसले आणि पेपर उघडला. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. माझ्या हातातली मेथी तशीच राहिली.

मी मावसबहिणीला फोन केला. ती रडली. म्हणाली, “मी माझं काढून टाकते, पण ते आता हजार जणांकडं गेलंय. आईला कुठून कुठून काढू?”

दुसऱ्या दिवशी मी वर जाऊन त्या मुलीला सांगितलं. ती बारावीतली, नव्यानं राहायला आलेली. तिला वाटत होतं, ही कुणीतरी नाटकात काम करणारी बाई असेल. तिचा चेहरा उतरला. “आता नाही लावणार, ताई,” म्हणाली. मी तिला माझा नंबर दिला आणि लातूरला परतले.

मला वाटलं, काकांना बरं वाटेल. आठवड्यानं त्या मुलीचाच फोन आला. काका जिना चढून वर आले होते, दारात उभं राहून विचारत होते, “बाळ, तुझा मोबाईल बिघडला का?”

“मग मी काय करू, ताई?” ती विचारत होती. “ते मागतील तेव्हा लाव,” मी म्हणाले.

तेव्हापासून ती अधूनमधून खाली येते. बाहेर त्या रीलची हौस कधीच फिटली. चहावाल्याच्या पाटीवरही दुसरंच काही आलंय, मीही बसमध्ये ते परत ऐकलं नाही. आता मावशी तेवढी त्या एका मोबाईलमध्ये आणि त्या एका घरात आहे.

परवा मी गेले तेव्हा मुलगी वाडग्यात सुशीला, म्हणजे भिजवून फोडणीला टाकलेले मुरमुरे, घेऊन आली. आम्ही तिघं बसलो. तिनं मोबाईल काढून विचारलं, “लावू का, आजोबा?”

काका स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिले.

“आज नको,” हळूच म्हणाले, “आज ती दमलीय.”

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. काकांच्या बशीतली सुशीला निवत गेली.