एकाच डेऱ्याचे पाणी

एस्तेरबाईंची आणि माझी ओळख खरे तर कुरबुरीनेच झाली. बहात्तरच्या दुष्काळात नगरच्या कॉलेजातली आम्ही काही मुले-मुली उन्हाळ्याच्या सुट्टीत पाथर्डी तालुक्यातल्या एका पाझर तलावाच्या कामावर राहायला निघालो होतो. मजुरांबरोबर काम करायचे आणि त्यांना त्यांचे हक्क समजावून सांगायचे, असा आमचा बेत होता. एसटीत मी माझे भाषण पुटपुटत बसलो होतो. शेजारच्या बाकावरच्या मुलीने ते सगळे ऐकून घेतले आणि शांतपणे विचारले, "हे तुम्ही माती वाहताना म्हणणार, की वाहून झाल्यावर?" मी श्रीगोंद्याच्या बागायतदाराचा मुलगा, घरी कधी पाटी उचललेली नव्हती. पुढचा सगळा रस्ता मी खिडकीबाहेर बघत काढला.

त्या एस्तेरबाई आज पंच्याहत्तर वर्षांच्या होत आहेत. पुढे त्या पाथर्डीच्या बाजूलाच शिक्षिका झाल्या. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांची मुले शाळेत टिकावीत म्हणून त्यांनी आपल्या घरातल्या दोन खोल्या त्यांना देऊन टाकल्या. त्यांच्या ओसरीवर तरुण मुलांची वर्दळ कधी थांबली नाही. एकदा काही पोरे रेशन दुकानावर मोर्चा काढायचा म्हणून तावातावाने आली. बाईंनी त्यांना आधी त्या दुकानाच्या रांगेत उभे राहून यायला सांगितले. पोरे नाराज झाली, पण गेली. परत आली ती वेगळीच मागणी घेऊन. बाया कामावर असतात नेमक्या त्याच वेळी दुकान उघडे असते, हे त्यांना रांगेत कळले होते. मोर्चा निघाला आणि दुकानाची वेळ बदलली.

माणूस म्हणून त्या किती मायाळू आहेत, हे मी स्वतः अनुभवले आहे. मला विषमज्वर झाला तेव्हा दर रविवारी त्या एसटीने श्रीगोंद्याला यायच्या, मोसंब्या सोलून द्यायच्या आणि वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायच्या. निविदांच्या जाहिरातीसुद्धा सोडायच्या नाहीत. मी लवकर बरा झालो त्यात औषधाचा वाटा किती आणि त्या जाहिरातींचा किती, हे सांगता येणार नाही.

पण बाई मला खऱ्या अर्थाने कळल्या त्या तलावाच्या कामावर. तिथे टँकर यायचा आणि त्याचे पाणी मातीच्या दोन मोठ्या डेऱ्यांत भरले जायचे. एक डेरा सर्वांचा. दुसरा बाभळीखाली, दलित वस्तीतल्या टोळीचा. त्या टोळीने डेऱ्याला हात लावायचा नाही, पाणक्याने वरून ओंजळीत ओतायचे, अशी रीत होती. पाणक्याला सवड होईपर्यंत बाया उन्हात ताटकळत बसायच्या. तेवढे खोदकाम मागे पडायचे, संध्याकाळी माप कमी भरायचे आणि मजुरी मापावर मिळायची. म्हणजे पाण्याची ती रीत त्यांच्या भाकरीपर्यंत पोचत होती.

पाणक्या आजारी पडला तेव्हा मुकादमाने ते काम बाईंना दिले. त्यांचे बोलणे स्वच्छ, साडी धुतलेली, आणि आम्ही सगळे त्यांना नुसते 'ताई' म्हणत असू. ही बामणाची पोर, असे मुकादमाने परस्पर ठरवून टाकले. सगळे निर्धास्तपणे त्यांच्या हातचे पाणी प्यायले. आम्हा मित्रांना गंमत वाटली. गप्प राहायचे, काम संपले की सांगायचे, असा आमचा सल्ला होता. बाईंना तो मुळीच पटला नाही.

एका सकाळी त्यांनी दुसरा डेरा भरलाच नाही. मुकादम ओरडत आला तेव्हा सगळ्या टोळ्यांसमोर त्या म्हणाल्या, "मी ख्रिस्ती आहे. माझे आजोबा अशाच एका वस्तीतून मिशनमध्ये गेले. तुम्ही इतके दिवस माझ्या हातचं पाणी प्यायलात. आता डेरा एकच भरणार, आणि ज्याला तहान लागेल त्यानं आपल्या हातानं घ्यावं."

मुकादम म्हणाला, "पोरी, तुला काढून टाकीन आन् त्या टोळीलाबी घरी धाडीन."

"काढा. मग तहसीलदारांकडे जाऊन का काढलं ते मी सांगेन."

त्या टोळीच्या बायांचे काम गेले असते तर तो दोष आयुष्यभर बाईंच्या माथी बसला असता, आणि हे त्यांना पुरते ठाऊक होते. मुकादम नुसताच धुमसत राहिला. तहसीलदारांचे नाव त्याला जड गेले असावे.

त्या दिवशी डेऱ्यावर फक्त दलित टोळी आली आणि आम्ही. बाकीच्यांनी घरून पाण्याचे तांबे आणायला सुरुवात केली. त्यांच्यात रखमाबाई म्हणून एक म्हाताऱ्या बाई होत्या, शेतकरी घरातल्या, सगळ्या बाया त्यांचा शब्द मानायच्या. त्यांचा तांब्या दुपारच्या आतच रिकामा व्हायचा. कोरड्या ओठांनी त्या पाट्या वाहायच्या आणि बाई ते बघत बसायच्या. "माझ्यामुळं ती म्हातारी तहानलेली राहते," म्हणून त्या आमच्याजवळ रडल्या होत्या. तरी दुसरा डेरा त्यांनी भरला नाही.

अशाच एका दुपारी रखमाबाईंची सून चक्कर येऊन खाली बसली. तिचे मूल अंगावर पिणारे होते. रखमाबाईंनी डेऱ्याकडे पाहिले, मग सुनेकडे.

"जा, पी तिथलं पानी. पोर हाय तुझ्या अंगावर."

"आन् तुमी, आत्याबाई?"

"माझं मी बघीन. तू जा."

सून उठली. डेऱ्याशी दलित टोळीतल्या बाया होत्या, त्यांनी बाजूला सरून तिला जागा दिली. ती आपल्या हाताने पाणी घेऊन प्यायली. तिच्या पाठोपाठ हळूहळू बाकीच्या बाया आल्या, मग पुरुष आले. काम संपेपर्यंत डेरा एकच राहिला आणि दलित टोळीचे माप पुन्हा कधी कमी भरले नाही.

बाईंच्या गौरवग्रंथासाठी लिहिलेल्या या लेखाचा कच्चा मसुदा मी त्यांना वाचून दाखवला. त्यात सगळेच त्या डेऱ्यावर आले, असे मी हौसेने लिहून टाकले होते. बाई लगेच म्हणाल्या, "रखमाबाई शेवटपर्यंत प्यायल्या नाहीत. सुनेला पाठवलं, स्वतः तहान सोसली. त्यांचं ते मोठेपण गाळणार असाल, तर तुमचा ग्रंथ मी हातात घेणार नाही."

तसे लिहिले आहे, बाई. आता ग्रंथ हातात घ्या. तब्येत सांभाळा, खूप जगा, आणि आम्ही पुढे जे काही लिहू तेही असेच दुरुस्त करत राहा.