सैल धरायची बंदूक

माझ्या भावाला बंदुकीतलं ओ की ठो कळत नाही. हे मी त्याच्या पाठीमागे लिहीत नाही, तोंडावर सांगून झालेलं आहे. त्याला कळतं ते एवढंच की वस्तू मोठी असली म्हणजे चांगली. रामदासपेठेतल्या त्याच्या फ्लॅटमध्ये सोफा दारातून आत जाईना, तेव्हा त्याने दाराची चौकट फोडली. सोफा परत केला नाही.

अशा माणसाने बाबांसाठी छऱ्याची बंदूक आणली.

बंदूक लागली कशाला, ते आधी सांगते. बाबा कोराडीला एकटे राहतात. वीजकेंद्रातली नोकरी संपल्यावर तिथेच जवळ घर बांधलं आणि आई गेल्यावरही ते हलले नाहीत. एकदा स्कूटरवरून भाजी आणायला निघाले आणि स्वतःच्याच फाटकाच्या खांबाला धडकले. लागलं फार नाही, पण भावाला निमित्त मिळालं. तुमचा हात थरथरतो, तुमची नजर गेली, स्कूटर विका, घराला कुलूप लावा, माझ्याकडे चला. बाबा म्हणाले, फाटकाशी वीजकेंद्राची राख साचली होती, चाक घसरलं. त्यावर हा हसून म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं."

ते बाबांना झोंबलं. वीजकेंद्राच्या कॉलनीत राहत होतो तेव्हा मेळ्यात बंदुकीने फुगे फोडायचा खेळ मांडणाऱ्या फुगेवाल्याचं तोंड बाबांना पाहून उतरायचं, कारण त्यांचा एकही छर्रा चुकायचा नाही. असा माणूस, आणि त्याला पोटचा पोरगा अंगणाची म्हण ऐकवतो.

"अंगण वाकडं हाये का मी, ते पाहून घेऊ," बाबा म्हणाले. "एक छऱ्याची बंदूक आण. पेरूच्या झाडाले बाटलीचं झाकण ठोकतो. ओट्यावर बसून लागलं तर मी इथंच राहीन. नाही लागलं तर स्कूटरची किल्ली तुले. पण बंदूक नेमाची पायजे. चुकलं तर ते माझं चुकलं पायजे, बंदुकीचं नाही."

भावाने यातलं 'बंदूक आण' एवढंच ऐकलं असावं. कुठल्याशा व्हिडिओत एक उंटावरचा शहाणा तसल्या बंदुकीने नारळ फोडत होता, तीच याने दसऱ्याच्या दिवशी आणली. नारळ फोडायला घरात पायरी आहे, त्यासाठी बंदूक कशाला? या बंदुकीत छर्रा भरायचा तर नळी मधून मोडून खाली ओढावी लागते, की आतली स्प्रिंग दबते. ही नळी ओढताना भाऊच जांभळा झाला. वर लांबलचक दुर्बीण. तिच्यातून पेरूचं झाड म्हणजे नुसतं हिरवं धुकं, कारण ती दूरच्या नेमासाठी होती. वीजकेंद्राच्या चिमणीवरचा लाल दिवा मात्र स्वच्छ दिसायचा.

बरं, आणली ती आणली. पण दसरा होता, म्हणून शस्त्राची पूजा झालीच पाहिजे. पाटावर बंदूक, बंदुकीवर झेंडूची माळ. भावाने हळदीकुंकवाचं बोट थेट दुर्बिणीच्या काचेवर टेकवलं. मग कोणा मित्राने सांगितलं म्हणून नळीच्या मागच्या भोकात जवसाचं तेल ओतलं. "मशीन हाये, तेल तर लागतेच," असं वर मलाच समजावलं. शेवटी मानाची फैर म्हणून छर्रा न भरताच चाप ओढला. पुढे छर्रा नसला की स्प्रिंग आतल्या आत जाऊन आदळते आणि बंदुकीचा जीव जातो. एवढं कॉलनीतलं शेंबडं पोरही जाणून होतं. पूजा करून वस्तू मारायची असेल तर ती अशीच मारावी.

नंतर बाबांनी छर्रे मारले. प्रत्येक वेळी निळा धूर आणि अंगणभर भजी तळल्याचा वास. थोड्याच वेळात दुर्बिणीतली फुली तिरकी झाली. छर्रे कुठे गेले ते देवाला ठाऊक.

"बाबा, तुमच्याच्यानं नाही होत आता," भाऊ म्हणाला.

बाबांनी कुंकवाची काच धोतराच्या टोकाने पुसली आणि बंदूक परत पाटावर ठेवली. "हे साक्षीदार नाही," ते म्हणाले. "हे वरात हाये."

दुसरी बंदूक निवडायचं मी अंगावर घेतलं. मला हे बाबांनीच शिकवलेलं. स्प्रिंगची बंदूक छर्रा नळीतून सुटायच्या आधीच हलते, झटका आधी मागे देते आणि मग पुढे. तिला तसं हलू द्यायचं. आवळून धरलं की ती दर वेळी वेगळी उसळते आणि छर्रा भलतीकडे जातो. बाबा म्हणायचे, "शेजारणीचं लेकरू घेते ना वं, तशी धर. पडू द्यायचं नाही, अन् छातीशी आवळायचंही नाही."

सीताबर्डीच्या दुकानातला विक्रेता मला बघून म्हणाला, "ताई, सरांना सोबत आणायचं होतं." सरांना म्हणजे माझ्या नवऱ्याला, ज्याला घरातली फ्यूज बदलता येत नाही. मग विक्रेत्याने छर्रा किती वेगाने जातो ते पाठ म्हणून दाखवलं आणि झाडपाल्याचे रंग फासलेली एक बंदूक पुढे केली. मी विचारलं, यातली कोणती एकाच जागी मारते? हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारलेला नसावा. तो म्हणाला, सगळ्याच मारतात.

मग मी त्याच्याकडे लक्ष द्यायचं सोडलं. एकेक नळी मोडून मिटवली आणि हलवून पाहिली. बहुतेक नळ्या सांध्यात डुगडुगत होत्या. दर वेळी वेगळ्या जागी बसणारी नळी नेम काय देणार? एक मध्यम ताकदीची सापडली. तिची नळी टक्क करून बसायची, चाप न अडकता सुटायचा आणि ती मला एका हाताने मोडता यायची, म्हणजे बाबांनाही जमली असती. दुर्बीण आखूड घेतली, पण स्प्रिंगचा उलटसुलट झटका सोसणारी. साध्या दुर्बिणीच्या काचा त्या झटक्याने आतून निखळतात. अंगणाएवढ्या अंतरावरचंही स्वच्छ दिसावं म्हणून तिच्या तोंडाशी फिरवायचं कडं होतं. वेगवेगळ्या छऱ्यांच्या डब्या घेतल्या, कारण कोणता छर्रा मानवतो ते बंदूकच ठरवते. कोराडीला जाऊन, बाबा दुपारचे झोपलेले असताना, मी त्या मारून पाहिल्या. एका डबीचे छर्रे एकमेकांच्या भोकातून गेले. मी फुशारले. घरात निदान एकाला तरी अक्कल आहे असं मला वाटलं.

रविवारी भाऊ आला, ओट्यावरच्या खुर्चीत ऐसपैस बसला. बाबांनी नवी बंदूक घेतली. डावा हात खाली उघडा ठेवला, बोटं मिटली नाहीत, गाल हलकेच टेकवला. इतकं सुंदर धरणं मी कोणाचं पाहिलेलं नाही. पण नळीचं टोक स्थिर होईना. ते सारखं लहान लहान गोल फिरत होतं. पहिला छर्रा झाडामागच्या भिंतीला लागला. दुसरा बुंध्याला, झाकणापासून वीतभर लांब. मग पुन्हा भिंतीला. बाबा मारत राहिले आणि झाकण जसंच्या तसं चमकत राहिलं.

बाबांनी बंदूक माझ्याकडे दिली. "तू मार. बंदूक नेमाची असंल तर तुह्यानं लागंल. मग समजते."

मी बसले. दुर्बिणीत झाकण थाळीएवढं दिसत होतं. मी चुकले तर अंगण वाकडं ठरणार होतं आणि बाबा आपल्या घरात राहणार होते. मी बंदूक छातीशी आवळली, मूठ घट्ट केली, गाल दाबला. छर्रे वाटेल तिकडे गेले. भिंतीवर, बुंध्यावर, एक तर तुळशीच्या कुंडीवर.

"हेपण फालतूच निघाली," भाऊ खूश होऊन म्हणाला. "तुले निवडता येत नाही. पुढच्या वेळी मीच आणतो." आयुष्यात पहिल्यांदा त्याचं अज्ञान मला देवासारखं वाटलं. तो चहा मांडायला आत गेला.

बाबा माझ्या हाताकडे बघत होते. बोटांची पेरं अजून पांढरी होती. त्यांनी खिशातून स्कूटरची किल्ली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"दे त्याले," ते म्हणाले. मग हळूच विचारलं, "एवढी घट्ट काहून धरली वं?"