‘चष्मा लावला का?’

आमच्या वधूवर सूचक मंडळाचं कार्यालय पनवेलला, टपाल नाक्याजवळ एका दवाखान्याच्या वरच्या खोलीत होतं. तिथल्या कॉम्प्युटरवर स्थळांची नोंद ठेवणारा प्रोग्राम माझ्या मित्राने लिहिला होता. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर तो हे शिकला, आणि लिहिलं ते एकाच माणसासाठी: मंडळात नोंदी करणाऱ्या स्वतःच्या बायकोसाठी. त्या काळ्या पडद्यावर मराठी उमटत नसे, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी यायचं. नोंद नीट झाली की ‘छान’. जन्मसाल चुकून नवरामुलगा सात वर्षांचा ठरला, की ‘चष्मा लावला का?’

मित्र गेला. वहिनी कार्यालयात येत राहिल्या. कधीकधी त्या मुद्दाम चुकतात, असं मला वाटे. विचारण्याइतका मी धीट नव्हतो.

पुढे अध्यक्षांना आधुनिकीकरणाची लहर आली. दुकानदाराची ‘जुना द्या, नवा घ्या’ योजना होती. त्याने जुन्यातलं सगळं पेन ड्राइव्हवर उतरवलं आणि जुना कॉम्प्युटर टेम्पोत घालून नेला. नव्याचं रीतसर उद्घाटन झालं. नारळ फुटला, मॉनिटरला हार घातला. हार पडद्यावर लोंबत असल्याने भाषणं संपेपर्यंत आत काय चाललंय ते कुणालाच दिसलं नाही. पाहुणे गेल्यावर वहिनींनी हार उतरवून प्रोग्राम सुरू केला. हा या विंडोजवर चालणार नाही, अशा अर्थाची इंग्रजी चौकट आली.

“पत्रिका जुळत नाही म्हणा की!” अध्यक्ष म्हणाले, आणि स्वतःच हसले.

वहिनी माझ्याकडे वळल्या. “भावजी, जुना परत मिळेल?”

मी दुकानात गेलो. “काका, त्याचे कधीच सुटे भाग केले,” दुकानदार म्हणाला. “माउस हवाय का? आहे.”

मग मी उपाय शोधू लागलो. नव्या विंडोजला जुन्याचं सोंग घ्यायला लावायची एक सोय होती. ते सोंग त्याला जमलं नाही. आयुष्यभर पुस्तकं वाचली, त्यातलं एक पान इथे उपयोगी पडलं नाही. शेवटी खारघरच्या एका कॉम्प्युटर क्लासचे सर आले. त्यांनी जुन्या यंत्राची नक्कल करणारं काहीतरी बसवलं. काळा पडदा आला. ‘नमस्कार’ अशी ओळ आली. वहिनी खुर्चीत पुढे सरकल्या. आणि तिथेच सगळं थिजलं.

“मशीन फार फास्ट आहे, मॅडम. प्रोग्रामला झेपत नाही.”

“मग हळू करा ना त्याला.”

सरांनी केलं. तीन-चार वेळा केलं. दर वेळी ‘नमस्कार’ यायचा आणि पुढे काही नाही.

“पण डेटा सगळा निघेल. एक्सेलमध्ये देतो. एकही स्थळ जाणार नाही.”

“आणि प्रोग्राम?”

“त्याची आता गरजच नाही.”

त्यांचं खरं होतं. मंडळाने त्यांच्या अभिनंदनाचा ठराव केला. अध्यक्षांनी त्यात स्वतःचं नावही घालून घेतलं. मी अनुमोदन दिलं, कारण विरोध नेमका कशाला करायचा ते मला मांडता येईना.

दुसऱ्या दिवशी वहिनी एका इंजिनियर मुलाची नोंद करत होत्या. मी मागे उभा होतो. जन्मसालाच्या रकान्यात त्यांनी पुढच्या वर्षाचं साल टाकलं. मुलगा अजून जन्मायचा होता. एक्सेलने ते निमूट घेतलं.

 वहिनींनी चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला आणि साल दुरुस्त केलं.

“पुढचं स्थळ वाचा, भावजी.”

मी वाचायला लागलो.